रोमराजीचे काय झाले?

‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ ही म्हण आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलेली असते. जे मुळात संभवतच नाही त्याच्या जर-तरमध्ये शिरू नये, असा तिचा आशय. म्हणीचा सगळा डोलारा उभा आहे तो एका गृहीतकावर : आत्याबाईला मिशा नसतात. वस्तुस्थिती मात्र अशी की पुष्कळ आत्याबाईंना मिशा असतात. वरच्या ओठावरची लव तर बहुतेक सर्वच स्त्रियांना असते. काहींना ती ठळक असते, आणि पन्नाशीच्या आसपास पाळी थांबल्यानंतर अनेकींच्या ओठावर व हनुवटीवर राठ केस येऊ लागतात. तरीही म्हण चालते, आणि ऐकणारी आत्याबाईही हसते. डोळ्यांना दिसणारी गोष्ट भाषेने अशक्य कोटीत ढकलावी आणि कोणालाही त्यात विसंगती वाटू नये, हे नवल आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या नवलाचाच थोडा इतिहास तपासायचा आहे.

स्त्रीचे शरीर स्वभावतःच नितळ, केसविरहित असते आणि अंगावरचे केस हे पुरुषपणाचे चिन्ह आहे, अशी समजूत आज इतकी रुजलेली आहे की तिला इतिहास असेल असे कोणाला वाटतही नाही. ‘पूर्वापार असेच आहे’, असे एक उत्तर मिळते; ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ’, असे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आपल्याच साहित्यात आणि शास्त्रग्रंथांत थोडे मागे गेले तर चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसते.

संस्कृत काव्याचा अभ्यास केलेल्या कोणालाही ‘रोमराजी’ अथवा ‘रोमावली’ हा शब्द अपरिचित नाही. नाभीच्या आसपास पोटाच्या मधोमध दिसणारी केसांची बारीक रेघ म्हणजे रोमराजी. नायिकेच्या सौंदर्यवर्णनात ज्या अवयवांचा क्रमाने उल्लेख व्हावा असा संकेत होता, त्यात या रेघेला मानाचे स्थान होते. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीच्या तारुण्याचे वर्णन करतो, तेव्हा तिच्या खोल नाभीकडे गेलेली नवी, नाजूक रोमराजी त्याला मेखलेच्या मध्यभागी जडवलेल्या नीलमण्याच्या प्रभेसारखी भासते. परंपरेने आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘सौंदर्यलहरी’त तर लागोपाठ दोन श्लोक या रेघेवर खर्ची पडले आहेत. एकात शिवाच्या क्रोधाग्नीने होरपळलेला मदन देवीच्या नाभीच्या डोहात उडी घेतो आणि त्यातून उठलेल्या धुराच्या वेलीलाच लोक रोमावली म्हणतात, अशी कल्पना आहे. दुसऱ्यात ती यमुनेची अगदी बारीक लाट होते. संस्कृतात ‘रोमावलीशतक’ या नावाचे काव्यही आहे. एका रेघेवर शंभर श्लोक रचावेत इतका हा विषय कवींच्या आवडीचा होता.

येथे कालिदासाने योजलेले ‘नव’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. मुलगी बाल्य ओलांडून तारुण्यात येते त्या वयःसंधीचे चिन्ह म्हणून कवी या रेघेकडे पाहतात. वयात आल्याची जी खूण पुढे ‘पुरुषी’ ठरली, तीच येथे स्त्रीत्वाची वर्दी देते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने कवींचे निरीक्षण चूक म्हणता येणार नाही. वयात येताना मुलामुलींच्या दोघांच्याही शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांच्यामुळे काही ठिकाणची मऊ, फिकट लव गडद आणि जाड केसांत बदलते. प्रमाण भिन्न असते, प्रक्रिया एकच.

याच संदर्भात आणखी एका शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत त्यांत ‘रोमांच’ येतो. आनंदाने, भीतीने, थंडीने किंवा स्पर्शाने अंगावरचे केस उभे राहणे म्हणजे रोमांच. प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आकुंचन पावला की केस ताठ होतो. नायिका नायकाला पाहते आणि रोमांचित होते, भक्त देवाच्या दर्शनाने रोमांचित होतो. संतवाङ्मयात अष्टसात्त्विक भावांचा उल्लेख वारंवार येतो तो याच परंपरेतून. म्हणजे अंतःकरणातली सर्वांत उत्कट अवस्था बाहेर दिसावी यासाठी काव्यशास्त्राने जी जागा निवडली ती अंगावरच्या लवेची. आजच्या जाहिरातीतली नितळ कांतीची युवती प्रेमपत्र वाचून ‘रोमांचित’ होते, तेव्हा त्या शब्दातला ‘रोम’ कुठे उरला, असा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे.

मात्र यावरून प्राचीन काळी स्त्रीला आपल्या देहाचे स्वातंत्र्य होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कवींनी गौरवली ती एक बारीक, प्रमाणबद्ध रेघ. पाहणारा डोळा पुरुषाचाच होता. काव्यातून बाहेर पडून धर्मशास्त्र आणि ज्योतिषाच्या ग्रंथांकडे वळले की हे अधिक स्पष्ट होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी विवाह करू नये याची यादी आहे. तीत रोगी, फार बोलणारी, पिंगट डोळ्यांची अशा मुलींच्या बरोबरीने ‘अतिलोमा’, म्हणजे अंगावर फार केस असलेली मुलगी येते, आणि तिच्या शेजारीच ‘अलोमिका’, म्हणजे अंगावर मुळीच केस नसलेली मुलगीही येते. दोघीही त्याज्य. पुढे दोनच श्लोकांनंतर अंगावर आणि डोक्यावर बारीक केस असलेली स्त्री वरावी असे सांगितले आहे. आज ज्या नितळपणासाठी एवढा खटाटोप चालतो, तो मनूच्या लेखी दोष होता, ही गोष्ट ‘पूर्वापार असेच आहे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त कन्येची शुभाशुभ लक्षणे दिली आहेत. तेथे पोटऱ्या केसरहित, शिरा न दिसणाऱ्या आणि गोलाईच्या असणे शुभ मानले आहे. स्तनांवर केस असणे क्लेशकारक ठरवले आहे. म्हणजे पायांवर केस नसावेत ही अपेक्षा सेफ्टी रेझरच्या कितीतरी आधीची आहे, हे ‘पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तथापि या ग्रंथांतील अपेक्षेत आणि आजच्या अपेक्षेत एक मूलभूत फरक आहे, आणि या लेखात आम्हांला जे सांगायचे आहे ते या फरकाशी निगडित आहे. शास्त्रग्रंथात केस हे ‘लक्षण’ आहे. लक्षण म्हणजे खूण. हातावरच्या रेषेसारखी, तळपायावरच्या चक्रासारखी. ती भाग्य सुचवते. मुलीने आपल्या पोटऱ्यांवरचे केस काढून टाकावेत असा उपदेश वराहमिहिर त्या ठिकाणी करत नाही, कारण खूण पुसल्याने भाग्य बदलत नाही. त्याचा उपदेश वराला आणि वरपित्याला आहे : पाहून घ्या, पारखून घ्या. यात क्रूरता आहेच. अंगावरच्या केसांवरून मुलीचे आयुष्य ठरावे, याहून अन्याय तो कोणता? पण त्या मुलीच्या माथी रोजचे काम मारलेले नाही.

काम सांगितलेले आहे ते पुरुषाला. ‘कामसूत्रा’तील नागरकवृत्तात शहरी, रसिक पुरुषाची दिनचर्या येते. त्याने रोज स्नान करावे, एक दिवसाआड अंगमर्दन करावे, तिसऱ्या दिवशी फेनक लावावा, चौथ्या दिवशी क्षौर करावे आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी शरीराच्या झाकलेल्या भागावरचे केस काढावेत, असा तो क्रम आहे. नितळ राहण्याचे वेळापत्रक येथे पुरुषाच्या हाती दिले आहे. इस्लामी परंपरेतही काखेतले व जांघेतले केस काढण्याचा दंडक स्वच्छतेचा भाग म्हणून स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे. केस काढण्याचे तंत्र तर आपल्याकडे फार जुने. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरचे जे साठ उपचार सांगितले आहेत त्यांत ‘लोमापहरण’ आहे. केसांमुळे जखम भरून येत नसेल तर वस्तरा, कात्री किंवा चिमटा वापरून ते काढावेत, अथवा दोन भाग शंखाचे चूर्ण व एक भाग हरताळ आंबवलेल्या द्रवात वाटून लेप द्यावा, असे तेथे म्हटले आहे. त्याच यादीत केस पुन्हा उगवण्याचा उपचारही आहे, हे विशेष. तंत्र होते, द्रव्ये होती. परंतु ती सर्व स्त्रियांच्या आयुष्यभराच्या कर्तव्याला जुंपलेली नव्हती.

आता आपण एकदम एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात येऊ, कारण स्त्रीच्या केसांवर वस्तरा चालवण्याचा आपल्या समाजाचा सर्वांत ठसठशीत अनुभव तेथला आहे. तो अंगावरच्या केसांचा नाही, डोक्यावरच्या केसांचा आहे. पण त्याच्याशिवाय पुढचा बदल नीट उमगणार नाही. ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय घरांत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन होत असे. कुंकू पुसले जाई, मंगळसूत्र काढले जाई, अंगावर आलवण येई आणि डोक्यावरचे केस उतरवले जात. ते एकदाच होऊन भागत नसे. केस वाढले की न्हावी पुन्हा येई. बहुतेकदा परसात, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी, डोके पुढे करून बसलेली ती बाई बालवयातलीही असे. हरी नारायण आपट्यांनी 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहिली. तीतल्या यमूचे केशवपन वाचताना आजही अंगावर काटा येतो. आगरकरांनी या रूढीवर सातत्याने लिहिले. 1890 मध्येच मुंबईत नाभिकांची सभा भरून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला गेला. त्यामागे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, ही या चळवळीतली अत्यंत मार्मिक कृती होती. कर्व्यांच्या संस्थेसाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी वयाच्या चाळिशीनंतर केस पुन्हा वाढू देण्याचा निर्णय घेतला आणि आपल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात (1928) त्याविषयी लिहिले.

केशवपनाचा तर्क सरळ होता. केस हे स्त्रीत्वाचे, आकर्षणाचे, सौभाग्याचे चिन्ह. म्हणून जिला स्त्री म्हणून जगू द्यायचे नाही तिचे केस उतरवायचे. त्या समाजात बाईचा वस्तऱ्याशी संबंध आला म्हणजे तिचे सौभाग्य संपले. पुढच्या शंभर वर्षांत हा अर्थ उलटा झाला. आता बाईने वस्तरा हाती घेतला तरच ती ‘बाईसारखी’ दिसू लागली. डोक्यावरचे केस आणि अंगावरचे केस यांची अशी कठोर फाळणी झाली की एकीकडचा प्रत्येक केस जपायचा आणि दुसरीकडचा प्रत्येक केस उपटायचा, हेच स्त्रीत्वाचे व्याकरण बनले. हे कसे झाले हे पाहण्यासाठी मात्र थोडे महाराष्ट्राबाहेर, युरोप-अमेरिकेकडे जावे लागेल.

1871 मध्ये डार्विनचा ‘डिसेंट ऑफ मॅन’ हा ग्रंथ आला. मनुष्यप्राण्याच्या अंगावरचे केस का विरळ झाले याचे स्पष्टीकरण देताना त्याने जोडीदाराच्या निवडीवर भर दिला, आणि स्त्रियांच्या अंगावर केस कमी असतात त्या अर्थी केस कमी होण्याची ही प्रक्रिया स्त्रियांपासून सुरू झाली असावी, असे मांडले. शास्त्रज्ञाने मांडलेला तर्क समाजात उतरला तो एखाद्या प्रमाणपत्रासारखा : जितकी नितळ तितकी उत्क्रांत. याच काळात ज्यूलिया पास्त्राना या मेक्सिकोतल्या स्त्रीचे युरोप-अमेरिकेत तिकीट लावून प्रदर्शन केले जात होते. जन्मजात विकारामुळे तिच्या चेहऱ्यावर व अंगावर दाट केस होते. ती गात असे, नाचत असे. पण तिची जाहिरात अर्धी माणूस, अर्धे जनावर अशी होई. 1860 मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर ती वारली, आणि त्यानंतरही तिच्या देहाचे प्रदर्शन पुढे अनेक दशके चालू राहिले. तिचे दफन झाले ते 2013 मध्ये, मेक्सिकोतल्या सिनालोआ राज्यात.

विसाव्या शतकात या समजुतीला बाजारपेठ मिळाली. 1915 मध्ये जिलेट कंपनीने अमेरिकेत ‘मिलेडी डेकोलेते’ हा खास स्त्रियांसाठीचा रेझर बाजारात आणला. त्याच सुमारास बिनबाह्यांचे पोशाख रूढ होऊ लागले होते आणि तेथल्या फॅशनच्या मासिकांतून काखेतले केस काढणे ही नव्या पोशाखाची अट म्हणून जाहिरात होऊ लागली. आधी काख, मग झगे आखूड झाले तसे पाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम व नायलॉन पॅराशूटसाठी जाऊ लागल्यावर मोजे दुर्मीळ झाले आणि उघडे पाय नितळ ठेवणे आणखी आवश्यक ठरले. जी गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या मनातही नव्हती, ती एका पिढीत ‘स्वाभाविक’ झाली.

या स्वाभाविकतेची किंमत काही स्त्रियांनी प्राणांनी मोजली. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, आणि पुढल्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड याने एका लहान मुलीच्या अंगावरचा केसाळ डाग क्ष-किरणांनी उपचारिला. क्ष-किरणांनी केस झडतात हे कळल्यावर 1920 च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाच्या यंत्रांची सौंदर्यगृहे निघाली. वेदना नाही, वस्तरा नाही. पेटीसमोर काही मिनिटे बसायचे, की हनुवटी नितळ. काही वर्षांनी त्यांपैकी अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या, व्रण आणि पुढे कर्करोग दिसू लागले. 1930 मध्ये ‘कोरेम्लू’ नावाचे मलम आले. त्यात थॅलियमचे संयुग होते. थॅलियम म्हणजे उंदीर मारण्याच्या विषात वापरले जाणारे द्रव्य. ओठावरची लव घालवण्यासाठी ते लावणाऱ्या स्त्रियांचे डोक्यावरचे केस गळाले, पायांच्या नसा निकामी झाल्या, काहींची दृष्टी अधू झाली. 1906 च्या अमेरिकी कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता, त्यामुळे सरकारला ते विकणे थांबवता येईना. अशा प्रकरणांच्या दडपणातून 1938 चा अन्न, औषध आणि प्रसाधन कायदा झाला. या स्त्रियांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. परंतु चेहऱ्यावरच्या केसांमुळे नोकरी, लग्न, मित्रमंडळ यांची दारे बंद होतात हे त्यांनी अनुभवले होते, आणि त्या अनुभवापुढे अपरिचित यंत्राची भीती त्यांना लहान वाटली.

आपल्याकडे हा प्रवाह आला तो आधीच तयार असलेल्या जमिनीवर. तान्ह्या बाळाला, विशेषतः मुलीला, न्हाऊ घालण्यापूर्वी कणकेचा किंवा डाळीच्या पिठाचा, साय-हळद घातलेला गोळा अंगावरून फिरवण्याची चाल मराठी घरांत आजही आहे. ‘लव जाते, मुलगी नितळ होते’, असे आजी सांगते. जन्माच्या वेळची ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळून पडते, आणि पिठाच्या गोळ्याने केसाचे मूळ निघत नाही. पण या प्रेमळ हाताने मुलीच्या अंगावरची लव हा घालवायचा दोष आहे, हा संदेश ती पालथी पडायला शिकण्यापूर्वीच तिच्यापर्यंत पोचलेला असतो. पुढे दाखवून घेण्याचे कार्यक्रम असतातच. वराहमिहिराचे लक्षण येथे कांदेपोह्यांच्या बैठकीत येऊन बसले.

तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सामान्य मराठी स्त्रीच्या पायांकडे कोणी पाहत नव्हते, कारण ते पातळाखाली झाकलेले होते. ब्लाउजच्या बाह्या आखूड झाल्या, हिंदी चित्रपटांतल्या नायिका साठच्या दशकात बिनबाह्यांच्या पोलक्यात दिसू लागल्या, मुली फ्रॉक-स्कर्ट-जीन्समध्ये महाविद्यालयांत येऊ लागल्या, स्त्रियांच्या मासिकांत आणि पुढे दूरदर्शनवर केस काढण्याच्या क्रीमच्या जाहिराती आल्या. 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी प्रसाधने आली, आणि 1994 मध्ये सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन जागतिक सौंदर्यस्पर्धा जिंकल्यावर तर सौंदर्य हा मध्यमवर्गीय मुलींच्या करिअरचा विषय झाला. गल्लोगल्ली ब्यूटी पार्लर निघाली. ‘थ्रेडिंग’, ‘वॅक्सिंग’, ‘अप्पर लिप’ हे शब्द तालुक्याच्या गावीही मराठी झाले. येथे न्यायाने हेही म्हटले पाहिजे की याच पार्लरांनी असंख्य स्त्रियांना घरबसल्या स्वतःच्या कमाईचे साधन दिले, आणि पुरुषांची नजर नसलेली चार घटका बसण्याची जागाही दिली. तेथील खुर्चीत बसून बायका एकमेकींशी जे बोलतात ते अन्यत्र बोलत नाहीत. हा इतिहास एकरंगी नाही.

परंतु या सर्वांतून जे घडले ते असे : लक्षणाचे काम झाले. शास्त्रकारांच्या काळात केस हे मुलीचे नशीब होते. आता ते तिचे कर्तव्य झाले. वॅक्सिंगने मुळापासून निघालेला केस काही आठवड्यांत परत उगवतो. त्यामुळे हे काम कधीच संपत नाही. दर महिन्याला पैसा, वेळ आणि वेदना मागते. ‘अतिलोमा’ मुलीबद्दल समाज पूर्वी म्हणत असे, बिचारीचे नशीब. आज तो म्हणतो, हिला स्वतःकडे लक्ष द्यायला काय होते? दया गेली आणि तिच्या जागी आरोप आला. आमच्या मते केसांविषयीच्या अपेक्षेत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि तो स्वातंत्र्याच्या भाषेत झाल्यामुळे सहसा ओळखू येत नाही.

माप ठरवणारा मात्र बदलत राहिला. 1961 मध्ये लंडनमधील फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी स्त्रियांच्या शरीरावरील केस मोजण्याचे एक कोष्टक तयार केले. शरीराचे अकरा भाग घेऊन प्रत्येकाला शून्य ते चार गुण द्यायचे. पुढे त्यांतले नऊ भाग कायम राहिले आणि साधारणपणे आठ वा त्याहून अधिक गुण म्हणजे ‘अतिरिक्त केस’ असे मानले जाऊ लागले. हे कोष्टक आजही वापरात आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. बीजकोशांचा पीसीओएस हा विकार किंवा संप्रेरकांचा अन्य बिघाड ओळखण्यास त्याची मदत होते. एखाद्या मुलीच्या अंगावर अकस्मात केस वाढू लागले, पाळी अनियमित झाली, तर वैद्यकीय सल्ला घ्यायलाच हवा. पण वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांना एकच सीमारेषा लागू पडत नाही, हे वैद्यकानेच पुढे मान्य केले आहे. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला या कोष्टकात एक वेगळीच गोष्ट दिसते. ज्या नऊ भागांवर गुण दिले जातात त्यांत ओटीपोट आहे. तेथे मधल्या रेषेत केसांची रांग दिसली की गुण पडतात. कालिदासाला नीलमण्याची प्रभा वाटलेली, ‘सौंदर्यलहरी’च्या कवीला यमुनेची लाट वाटलेली ती रोमराजी अशी लंडनच्या कोष्टकात येऊन पोचली.

हे सारे इतिहासाचे कुतूहल म्हणून सोडून देता आले असते, पण आम्ही महाविद्यालयात शिकवतो. उन्हाळ्यातही लांब बाह्या न सोडणाऱ्या, बोलताना ओठांवर रुमाल धरणाऱ्या, फळ्याजवळ येऊन कविता वाचायला सांगितले की अंग चोरणाऱ्या मुली आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांचे वाचन चांगले असते, लेखन चांगले असते. पण चारचौघांत चेहरा पुढे करायचा म्हटले की त्या मागे सरतात. 2024 मध्ये शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या एका मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा समाजमाध्यमांवर तिच्या गुणांहून तिच्या ओठावरच्या केसांचीच चर्चा अधिक झाली. दोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, कोणाचे लक्ष तरी गेले नसते, अशा आशयाचे उद्गार तिने काढल्याचे वाचून आम्ही सुन्न झालो. शिकलेल्या मुलीने आपले गुण कमी असते तर बरे, असे म्हणावे, यासाठी का आगरकर आणि सावित्रीबाई खपल्या?

कोणी केस काढावेत, कोणी ठेवावेत, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्या मुलीला पार्लरमधून आल्यावर हलके वाटते तिला आम्ही उपदेश करणार नाही. आमचे काम भाषेचे आहे आणि तेवढ्यापुरते बोलणे आम्हांला प्राप्त आहे. आमच्या पाहण्यातल्या काही टीपांत ‘रोमराजी’चा अर्थ ‘पोटावरील नाजूक रेषा’ असा दिलेला आहे. रेषा कशाची, हे सांगितलेले नाही. संकोचाने गाळलेला एक शब्द. पण त्या गाळण्याने वर्गातल्या मुलीला एवढे कळण्याची संधी हुकते, की तिच्या पोटावर जे आहे ते कधीकाळी देवीच्या पोटावरही होते आणि त्याला कवींनी नावे दिली होती. टीप पूर्ण लिहायला फारसे काही लागत नाही. रोम म्हणजे अंगावरचे केस, राजी म्हणजे ओळ. अर्थ सांगावा, संदर्भ सांगावा, मनूने दोन्ही टोके कशी त्याज्य ठरवली तेही सांगावे, आणि पुढच्या श्लोकाकडे वळावे. वर्गात थोडे हसू फुटेल. ते ओसरू द्यावे.